नासाकोटरांतील सौम्य अर्बुदांची प्रतिमाचिन्हे : एक परिचयात्मक अभ्यास (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

गोषवारा :
नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये, म्हणजेच नासाकोटरांमध्ये, होणारी सौम्य अर्बुदे संख्येने कमी असली तरी त्यांचे निदान पुष्कळदा उशिरा होते. नाक चोंदणे, डोके जड होणे, नाकातून रक्त येणे ही त्यांची लक्षणे साध्या सर्दीसारखीच असल्याने रुग्ण व कुटुंबीय दीर्घकाळ घरगुती उपायांवर विसंबून राहतात. सीटी स्कॅन व एमआरआय या तंत्रांमुळे या अर्बुदांची ओळख, त्यांचे उगमस्थान व त्यांचा विस्तार शस्त्रक्रियेपूर्वीच समजू शकतो. प्रस्तुत लेखात अस्थ्यर्बुद, फायब्रस डिस्प्लेशिया, इन्व्हर्टेड पॅपिलोमा व किशोरवयीन अँजिओफायब्रोमा या प्रमुख विकृतींच्या प्रतिमाचिन्हांचे विवेचन केले असून, त्यामागील भौतिक व जैविक कारणे वैद्यकेतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही समजतील अशा रीतीने मांडली आहेत.

बीजसंज्ञा : नासाकोटर, सौम्य अर्बुद, सीटी स्कॅन, एमआरआय, अँजिओफायब्रोमा, इन्व्हर्टेड पॅपिलोमा, अहिल्यानगर जिल्हा.

१. प्रस्तावना :
नगरच्या उन्हाळ्यात एखाद्या शाळकरी मुलाच्या नाकातून रक्त आले की घरातील वडीलधारी मंडळी ‘घोळणा फुटला’ असे म्हणतात. डोक्यावर गार पाणी थापले जाते, कांदा फोडून हुंगायला दिला जातो आणि थोड्या वेळाने रक्त थांबते. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हे रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातील नाजूक केशवाहिन्यांतून आलेले असते व त्यात काळजीचे कारण नसते. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वारंवार, एकाच नाकपुडीतून आणि भरपूर रक्तस्राव होत असेल व तीच नाकपुडी हळूहळू बंद होत चालली असेल, तर त्यामागे उष्णतेखेरीज दुसरे कारण असू शकते. नाकाच्या मागील भागात वाढणारे अँजिओफायब्रोमा नावाचे रक्तवाहिन्यांनी भरलेले अर्बुद हे त्यांपैकी एक होय.

तीच गोष्ट प्रौढांची. पन्नाशी ओलांडलेला एखादा शेतकरी वा कारखान्यातील कामगार ‘सायनसचा जुना त्रास’ म्हणून वर्षानुवर्षे नाकात थेंब टाकत राहतो. त्रास दोन्ही बाजूंना नसून एकाच बाजूला आहे, याकडे त्याचे लक्ष जात नाही व कित्येकदा ते कोणी विचारतही नाही. वास्तविक, एकतर्फी लक्षणे हीच अशा अर्बुदांची सर्वांत साधी व सर्वांत दुर्लक्षित सूचना आहे.

‘अर्बुद’ ही संज्ञा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांचे वर्णन करताना नाकातील अर्श व अर्बुद यांचा स्वतंत्र निर्देश आढळतो. मात्र नाकाच्या आत, हाडांच्या भिंतींमागे नेमके काय वाढले आहे हे जिवंत माणसात पाहण्याची सोय विसाव्या शतकापूर्वी नव्हती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि हा मार्ग खुला झाला.

२. लेखाची उद्दिष्टे :
अ) नासाकोटरांच्या प्रतिमा घेण्याच्या तंत्रांचा व त्यामागील भौतिकशास्त्रीय तत्त्वांचा परिचय करून देणे.
ब) प्रमुख सौम्य अर्बुदांची प्रतिमाचिन्हे व ती निर्माण होण्याची कारणे स्पष्ट करणे.
क) प्रतिमांच्या मर्यादा लक्षात आणून देऊन ग्रामीण जिल्ह्याच्या संदर्भात वेळेवर निदानाचे महत्त्व विशद करणे.

३. नासाकोटरांची रचना :
मानवी कवटीत नाकाभोवती कोटरांच्या चार जोड्या असतात. गालाच्या हाडामागील ऊर्ध्वहनू कोटर हे त्यांतील सर्वांत मोठे. कपाळाच्या हाडात ललाट कोटर, दोन डोळ्यांच्या मधोमध अनेक लहान कप्प्यांचे बनलेले झर्झर कोटर आणि त्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी जतुक कोटर असते. ही सर्व कोटरे हवेने भरलेली असून आतून श्लेष्मल त्वचेने आच्छादलेली असतात. त्यांत तयार होणारा स्राव अरुंद मार्गांनी नाकात उतरतो.

या रचनेचे दोन परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, कोटरे पोकळ असल्यामुळे त्यांत वाढणाऱ्या गाठीला सुरुवातीला पुष्कळ जागा मिळते व ती बरीच मोठी होईपर्यंत कोणतेही लक्षण दिसत नाही. दुसरा असा की, या पोकळ्यांचे शेजारी अत्यंत महत्त्वाचे आहेत. झर्झर कोटर व डोळा यांच्यामध्ये कागदासारखी पातळ हाडाची भिंत असते, तर जतुक कोटराच्या बाजूने मेंदूकडे जाणारी मुख्य रोहिणी व दृष्टिचेता जाते. त्यामुळे ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ येथे जपून घ्यावा लागतो. सौम्य अर्बुद शरीरात दूरवर पसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जागेवर वाढूनही ते डोळा बाहेर ढकलू शकते, दृष्टी अधू करू शकते वा जीवघेणा रक्तस्राव घडवू शकते.

४. प्रतिमा घेण्याची तंत्रे :
४.१ साधे क्ष-किरण चित्र : वॉटर्स व वॉल्ड्रन यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीने हनुवटी वर करून घेतलेले चित्र अनेक दशके नासाकोटरांच्या तपासणीचा आधार होते. निरोगी कोटर हवेमुळे काळे दिसते. त्यात पू, सूज वा गाठ असल्यास ते पांढुरके दिसते. मात्र हा पांढुरकेपणा कशामुळे आला, हे साध्या चित्रावरून सांगता येत नाही, कारण अनेक हाडांच्या छाया एकमेकींवर पडलेल्या असतात. लहान गावात काढलेल्या अशा चित्रावर ‘कोटर धूसर आहे’ एवढाच शेरा येतो व त्यावरून रुग्णाला सायनसचे औषध सुरू होते. ते बहुधा योग्यही ठरते. परंतु औषधाने धूसरपणा जात नसेल आणि तो एकाच बाजूला असेल, तर पुढील तपासणी टाळता कामा नये.

४.२ सीटी स्कॅन : गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी विकसित केलेल्या या यंत्राने लंडनमध्ये ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या कार्यासाठी त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरनिराळ्या कोनांतून पाठविलेले क्ष-किरण शरीरात किती शोषले गेले याची मोजमापे घेऊन गणिताच्या साहाय्याने शरीराचा काप तयार करणे, हे त्याचे तत्त्व होय. प्रत्येक बिंदूची घनता हाऊन्सफिल्ड एककांत व्यक्त होते. या मापनात पाण्याला ०, हवेला उणे १०००, चरबीला सुमारे उणे १०० आणि घट्ट हाडाला १००० वा त्याहून अधिक मूल्य असते. हाड आणि हवा यांतील ही प्रचंड तफावत नासाकोटरांच्या तपासणीत फार उपयोगी पडते. हाडाची पातळ भिंत वाकली आहे, झिजली आहे की जाड झाली आहे, हे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. कोटरांच्या सीटी स्कॅनमध्ये मिळणारी किरणोत्साराची मात्रा आधुनिक यंत्रावर साधारणपणे १ मिलीसीव्हर्टपेक्षा कमी असते. निसर्गातून प्रत्येकाला वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट आहे, हे ध्यानात घेतल्यास या तपासणीविषयीची अवाजवी भीती दूर होते. तरीही विनाकारण व वारंवार स्कॅन करणे टाळावे, विशेषतः लहान मुलांमध्ये.

४.३ एमआरआय : पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुनादापासून प्रतिमा मिळविण्याची पद्धत मांडली. त्यांना व पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. या तंत्रात क्ष-किरण वापरले जात नाहीत. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजन अणुकेंद्रकांकडून मिळणाऱ्या संकेतांवरून चित्र बनते. मऊ ऊतींमधील फरक त्यात उत्तम कळतो. कोटर पूर्ण भरलेले असेल तर त्यात गाठ किती व तिच्यामागे तुंबलेला स्राव किती, हे सीटी स्कॅनला बहुधा सांगता येत नाही. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात मात्र पाणीदार स्राव लख्ख पांढरा, तर गाठ मध्यम करडी दिसते. अर्बुदाची खरी सीमा अशा रीतीने ठरते.

याउलट हवा व घट्ट हाड या दोहोंकडून एमआरआयमध्ये संकेत मिळत नाही. त्यामुळे दोन्ही काळेच दिसतात आणि हाडाची गाठ कोटरातील हवा समजून नजरेतून सुटू शकते. म्हणून ही दोन तंत्रे परस्परांची स्पर्धक नसून पूरक आहेत: हाडासाठी सीटी, मऊ ऊतींसाठी एमआरआय.

५. प्रतिमा वाचताना विचारावयाचे प्रश्न :
क्ष-किरणतज्ज्ञ कोटरांची प्रतिमा पाहताना ज्या प्रश्नांचा क्रमाने विचार करतात, ते पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला प्रश्न, विकृती एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना? अ‍ॅलर्जी, सर्वसाधारण सूज व पॉलिप हे बहुधा दोन्ही बाजूंना असतात. अर्बुद सामान्यतः एकाच बाजूला असते.

दुसरा प्रश्न, हाडाचे काय झाले आहे? जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ भिंत हळूहळू बाहेर ढकलतो. वाळवी मात्र लाकूड आतून पोखरून टाकते. सावकाश वाढणारे सौम्य अर्बुद पहिल्या प्रकारे वागते: हाड वाकते, पातळ होते, कोटर फुगते, पण भिंतीची रेषा बव्हंशी शाबूत राहते. दुर्दम अर्बुद बहुधा दुसऱ्या प्रकारे हाड खाऊन टाकते व त्याच्या कडा खडबडीत दिसतात. हा नियम उपयुक्त आहे, परंतु निरपवाद नाही. काही सौम्य अर्बुदे हाड झिजवतात व काही दुर्दम अर्बुदे ते केवळ ढकलतात.

तिसरा प्रश्न, गाठीच्या आत काय आहे? हाड, चुन्याचे कण, रक्तवाहिन्या, द्रव की एकजिनसी मांसल ऊती, यांवरून तिच्या जातीचा अंदाज येतो. चौथा प्रश्न, ती कोठून उगम पावली? आणि पाचवा, शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर ती किती उजळते? जितका रक्तपुरवठा अधिक, तितकी ती अधिक उजळते. या प्रश्नांच्या जोडीला रुग्णाचे वय व लिंग विचारात घेतले की निदानाची दिशा बरीचशी निश्चित होते.

६. प्रमुख सौम्य अर्बुदे व त्यांची प्रतिमाचिन्हे :
६.१ अस्थ्यर्बुद : ऑस्टिओमा या नावाने ओळखले जाणारे हाडाचे अर्बुद हे नासाकोटरांतील सर्वाधिक आढळणारे सौम्य अर्बुद आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या कोटरांच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ३ टक्के व्यक्तींत ते आढळते. ललाट कोटर हे त्याचे नेहमीचे ठिकाण. त्याखालोखाल झर्झर कोटर. सीटी स्कॅनमध्ये हस्तिदंतासारखी पांढरीशुभ्र, गुळगुळीत कडांची गाठ दिसते व निदानासाठी दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. काही गाठींत हाड कमी घट्ट असल्याने त्या थोड्या फिकट दिसतात. गाठ लहान असेल, कोटराचा निचरा अडवत नसेल व त्रास देत नसेल, तर तिला हात न लावता ठराविक काळाने लक्ष ठेवणे पुरेसे असते. मात्र एकाच व्यक्तीत कवटीत व जबड्यात अनेक अस्थ्यर्बुदे आढळल्यास गार्डनर संलक्षण या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. या विकारात मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप होतात व उपचारांअभावी त्यांचे कर्करोगात रूपांतर होते. म्हणजेच कपाळाच्या चित्रातील खूण पोटातील धोक्याची पूर्वसूचना ठरू शकते.

६.२ फायब्रस डिस्प्लेशिया व ऑसिफाइंग फायब्रोमा : फायब्रस डिस्प्लेशिया हे काटेकोर अर्थाने अर्बुद नसून हाडाच्या घडणीतील दोष आहे. गर्भावस्थेत एका पेशीतील जनुकात झालेल्या बदलामुळे हाडाचा काही भाग परिपक्व न होता तंतुमय राहतो. सीटी स्कॅनमध्ये तो भाग दुधी काचेसारखा दिसतो. हाड सुजल्यासारखे मोठे होते, पण त्याचा मूळ आकार ओळखू येतो आणि निरोगी हाडाशी त्याची सीमा अस्पष्ट असते. एमआरआयमध्ये हीच विकृती कॉन्ट्रास्टने खूप उजळते व दुर्दम अर्बुदाचा भास निर्माण करते. अशा वेळी सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढल्यास रुग्णाला निष्कारण मोठ्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागण्याची शक्यता असते. प्रौढपणी या विकृतीची वाढ बहुधा मंदावते, त्यामुळे दृष्टीला धोका नसल्यास निरीक्षणावर भर दिला जातो.

ऑसिफाइंग फायब्रोमा हे खरे अर्बुद असून त्याची सीमा ठळक असते. बाहेरून अंड्याच्या टरफलासारखे हाडाचे कवच व आत कमी घनतेचा तंतुमय भाग, असे त्याचे रूप असते. ते वाढत राहते, म्हणून ते काढणे इष्ट ठरते. दोन विकृती दिसायला जवळच्या. पण एकीला सोडून द्यावयाचे व दुसरीला काढावयाचे. हा निर्णय मुख्यतः सीमारेषेच्या बारकाव्यावर अवलंबून असतो.

६.३ इन्व्हर्टेड पॅपिलोमा : हे अर्बुद प्रामुख्याने चाळिशीनंतर आढळते व पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या मानाने अधिक असते. नाकाच्या श्लेष्मल त्वचेचे आवरण बाहेरच्या दिशेने न वाढता आतील ऊतीत दुमडत जाते, म्हणून त्यास हे नाव मिळाले. रिंगर्ट्झ यांनी १९३८ मध्ये या उलट्या वाढीचे वर्णन केले. ते बहुधा नाकाच्या बाहेरील भिंतीवर उगम पावते व तेथून ऊर्ध्वहनू वा झर्झर कोटरात शिरते.

बाहेरून पाहता ते साध्या पॉलिपसारखे दिसते आणि येथेच फसगत होते. साधा पॉलिप समजून त्याचा दिसणारा भाग काढला आणि मूळ तसेच राहिले, तर ते पुन्हा वाढते. शिवाय ५ ते १५ टक्के रुग्णांत या अर्बुदाशी निगडित कर्करोग आढळतो. तो कधी सोबतच असतो, कधी नंतर होतो. त्यामुळे नाकातून काढलेला प्रत्येक एकतर्फी पॉलिप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीसाठी पाठविणे अत्यावश्यक मानले जाते.

प्रतिमेत या अर्बुदाची दोन चिन्हे विशेष महत्त्वाची आहेत. सीटी स्कॅनमध्ये अर्बुद जेथे हाडाला चिकटलेले असते, तेथे हाड मर्यादित जागी जाड होते, काही वेळा शंकूसारखे टोकदार होते. त्यामुळे शल्यचिकित्सकाला मूळ कोठे आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजते व तेवढा भाग हाडासह घासून काढता येतो. दुसरे चिन्ह एमआरआयमध्ये दिसते: गाठीच्या आत मेंदूच्या वळ्यांसारख्या एकाआड एक फिकट व गडद नागमोडी रेषा उमटतात. आवरण व त्याखालील ऊती यांचे थर दुमडले गेल्यामुळे हा नक्षीदारपणा येतो. गाठीच्या एखाद्या भागात ही नक्षी पुसली गेली असेल, तर त्या भागात कर्करोग असण्याची शंका घेतली जाते व ऊतकपरीक्षेसाठी नेमका तोच भाग निवडता येतो.

६.४ किशोरवयीन अँजिओफायब्रोमा : हे अर्बुद जवळजवळ केवळ मुलग्यांमध्ये, साधारण १० ते २५ वर्षे या वयात आढळते. डोके व मान यांच्या सर्व अर्बुदांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. परंतु ज्याला ते होते त्याच्या दृष्टीने ते गंभीर असते, कारण त्यात असंख्य रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्या भिंतींत आकुंचन पावणारा स्नायूंचा थर पुरेसा नसतो. एकदा रक्त वाहू लागले की ते सहजी थांबत नाही.

नाकाच्या मागील बाजूस रक्तवाहिनी आत शिरते त्या छिद्राजवळ याचा उगम होतो. तेथून ते ऊर्ध्वहनू कोटराच्या मागील अरुंद खळग्यात शिरते व तो खळगा रुंद करते. वाढणारी गाठ कोटराची मागील भिंत पुढे ढकलते व ती भिंत धनुष्यासारखी वाकते. १९६५ मध्ये होलमन व मिलर यांनी वर्णन केल्यामुळे हे चिन्ह त्यांच्या नावाने ओळखले जाते. सावकाश वाढणाऱ्या इतर गाठींतही अशी भिंत वाकू शकते. तथापि किशोरवयीन मुलगा, वारंवार रक्तस्राव, रुंदावलेले छिद्र व कॉन्ट्रास्टने झपाट्याने उजळणारी गाठ, ही सर्व चिन्हे एकत्र आल्यास निदानाविषयी फारसा संशय उरत नाही. एमआरआयमध्ये वाहत्या रक्तामुळे काळे ठिपके व रेषा दिसतात आणि करड्या पार्श्वभूमीवर मीठ-मिरीची पूड विखुरल्यासारखे रूप येते.

या अर्बुदाच्या बाबतीत प्रतिमेचे महत्त्व एका विशेष कारणाने वाढते. इतर बहुतेक गाठींत अंतिम निदान ऊतकपरीक्षेने होते. येथे मात्र तुकडा काढण्याचा प्रयत्नच जीवावर बेतू शकतो. म्हणून किशोरवयीन मुलाच्या नाकातील गाठीला चिमटा लावण्यापूर्वी स्कॅन करणे, हा नियम कान-नाक-घसा तज्ज्ञ कटाक्षाने पाळतात. शस्त्रक्रियेपूर्वी एक ते तीन दिवस आधी रक्तवाहिनीतून नळी घालून अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या शाखा बंद करण्याची सोयही आता उपलब्ध आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेतील रक्तस्राव बराच कमी होतो व पुष्कळ रुग्णांत ती दुर्बिणीद्वारे, चेहऱ्यावर छेद न घेता करता येते.

६.५ इतर अर्बुदे : रक्तवाहिन्यांचे हिमँजिओमा हे लहान अर्बुद नाकाच्या पडद्याच्या पुढील भागात आढळते व तेजस्वीपणे उजळते. चेतातंतूंच्या आवरणापासून होणारे श्वानोमा क्वचित आढळते. वरच्या दातांच्या मुळांपासून उगम पावणाऱ्या गाठी ऊर्ध्वहनू कोटरात खालून वर शिरतात. कोटराचा तळ वर उचललेला दिसणे ही त्यांची खूण होय. अशा वेळी दंतवैद्यकाचे मत घेणे आवश्यक ठरते.

७. अर्बुदाचा आभास निर्माण करणारे विकार :
कोटरात दिसणारी प्रत्येक गाठ अर्बुद नसते. किलियन यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला अँट्रोकोअनल पॉलिप ऊर्ध्वहनू कोटरातून निघून नाकाच्या मागील भागात लोंबतो. तो मुलांत व तरुणांत एकाच बाजूला आढळतो. परंतु कॉन्ट्रास्टने त्याची केवळ कड उजळते, आतला भाग नाही. अँजिओफायब्रोमापासून तो वेगळा ओळखण्यासाठी हा फरक निर्णायक असतो. निचरा बंद झाल्याने कोटरात स्राव साचून ते फुग्यासारखे फुगल्यास त्यास म्युकोसील म्हणतात.

बुरशीचे विकार हा आपल्याकडील महत्त्वाचा गट आहे. कोटरात वाढलेल्या बुरशीचा गोळा सीटी स्कॅनमध्ये पांढरट, तर एमआरआयच्या टी-२ चित्रात इतका काळा दिसतो की कोटर रिकामे असल्याचा भास होतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे या जिल्ह्यातही म्युकरमायकोसिसचे रुग्ण आढळले आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. तो विकार अर्बुद नव्हे. तो काही दिवसांतच डोळा व मेंदू यांपर्यंत पोहोचतो. मात्र त्या अनुभवातून कोटरांच्या स्कॅनचे महत्त्व सामान्य माणसालाही उमगले, ही गोष्ट नमूद करावयास हवी.

८. प्रतिमांच्या मर्यादा :
प्रतिमा ही सावली आहे, ती वस्तू नव्हे. अँजिओफायब्रोमा, अस्थ्यर्बुद यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. स्राव जुना होऊन घट्ट झाला की एमआरआयमधील त्याचे रूप बदलते व तो गाठीसारखा वा हवेसारखा दिसू शकतो. दातांतील धातूमुळे चित्र बिघडते. याखेरीज अहवालातील भाषेचाही एक प्रश्न आहे. ‘मास’ वा ‘ट्यूमर’ हा शब्द वाचताच कुटुंबाला कर्करोगाची धास्ती बसते. उलट ‘बिनाईन’ हा शब्द ऐकून काही जण उपचारच सोडून देतात. ‘मास’ म्हणजे केवळ गाठ, ‘ट्यूमर’ म्हणजे अर्बुद आणि ‘बिनाईन’ म्हणजे न पसरणारे, परंतु दुर्लक्ष करण्याजोगे असेलच असे नाही, एवढे स्पष्टीकरण अहवालासोबत मिळाले तर दोन्ही टोके टाळता येतील.

९. जिल्ह्याचा संदर्भ व महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका :
पूर्वीचा अहमदनगर व २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळासह राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ असून त्यात १४ तालुके आहेत. राहाता तालुक्यातील लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व प्रवरा परिसरातील या संस्थेस २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नगर शहराजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे असणे ही जमेची बाजू होय. तथापि पश्चिमेला अकोल्याच्या डोंगराळ भागातून वा दक्षिणेला जामखेड-कर्जतच्या कोरडवाहू गावांतून मोठ्या रुग्णालयापर्यंत येणे म्हणजे मजुरीचा दिवस बुडविणे, सोबत माणूस आणणे व प्रवासखर्च करणे असते. त्यामुळे त्रास असह्य होईपर्यंत तपासणी पुढे ढकलली जाते. अर्बुदाचा आकार ठरविण्यात त्याच्या जातीइतकाच या विलंबाचाही वाटा असतो.

येथे महाविद्यालयीन शिक्षकांचे स्थान महत्त्वाचे ठरते. अँजिओफायब्रोमाचे वय हे नेमके माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयाचे वय आहे. वर्गात वारंवार नाकातून रक्त येणारा, तोंडाने श्वास घेणारा, अनुनासिक बोलणारा वा एका गालावर फुगवटा आलेला विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेस रोज पडतो. अशा वेळी विद्यार्थ्याला पुढे वाकवून बसविणे व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरणे हा योग्य प्रथमोपचार होय. मान मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. त्याचबरोबर, रक्तस्राव वारंवार व एकाच बाजूने होत असेल तर पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह धरणे, हेही तितकेच आवश्यक आहे. ‘उन्हाचा घोळणा आहे, वयाने जाईल’ हा दिलासा शंभरातील बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरतो. ज्या एखाद्याच्या बाबतीत तो खोटा ठरतो, त्याची किंमत मात्र मोठी असते.

१०. निष्कर्ष :
१) नासाकोटरांतील अर्बुदांची पहिली सूचना स्कॅनमध्ये नव्हे, तर रुग्णाच्या सांगण्यात असते. एकतर्फी व न हटणारी लक्षणे ही ती सूचना होय.
२) सीटी स्कॅन हाडाविषयी व एमआरआय मऊ ऊतींविषयी माहिती देते. गुंतागुंतीच्या रुग्णांत दोहोंची गरज असते.
३) हाड जाड होणे, वाकणे, दुधी काचेसारखे दिसणे, वळ्यांची नक्षी उमटणे ही चिन्हे अर्बुदाच्या वाढीच्या रीतीतून निर्माण होतात. त्यामागील कारण समजले की ती पाठ करावी लागत नाहीत.
४) या चिन्हांवरून उपचाराची दिशा ठरते: अस्थ्यर्बुद व फायब्रस डिस्प्लेशिया यांवर बहुधा लक्ष ठेवावयाचे, इन्व्हर्टेड पॅपिलोमा मुळासह काढावयाचा आणि अँजिओफायब्रोमाचा तुकडा न काढता प्रथम त्याचा रक्तपुरवठा तोडावयाचा.
५) ग्रामीण जिल्ह्यात तंत्रज्ञानाची उपलब्धता वाढली असली तरी रुग्ण त्यापर्यंत वेळेत पोहोचणे हे अद्याप सामाजिक जागरूकतेवर अवलंबून आहे. वैद्यकेतर विद्याशाखांतील शिक्षकांनी हे ज्ञान विद्यार्थी व पालकांपर्यंत नेल्यास हा विलंब निश्चितच कमी होऊ शकेल.